पोपट, छर्रे आणि मी

गिअर डिफ घ्यावं की बॉल डिफ, यावर मी जेवढा विचार केला आहे तेवढा लग्न ठरवतानाही केला नव्हता. बायको म्हणते, तेव्हा थोडा केला असतास तर दोघंही सुटलो असतो. ती हे चेष्टेने म्हणते, असं मी धरून चालतो.

गाडी रिमोटवरची, तळहातावर मावणारी. क्योशो या जपानी कंपनीने 1999 मध्ये ‘मिनी-झी’ नावाने ज्या गाड्या आणल्या, त्या जातीची. खऱ्या मोटारीच्या अठ्ठाविसाव्या हिश्शाची, चार बारक्या सेलवर पळणारी. घेतली होती मुलासाठी. मुलगा आता पुण्यात शिकतो आणि फोनवर ‘पप्पा, अजून खेळता?’ असं विचारतो. ‘खेळत नाही, रेसिंग करतो,’ असं मी त्याला बजावतो. रविवारी सकाळी बडोद्यात कारेलीबागेतल्या एका मित्राच्या पार्किंगमध्ये आम्ही बालवाडीत असतात तसले फोमचे तुकडे एकमेकांत अडकवून ट्रॅक मांडतो. जमणाऱ्यांत एक शेअरदलाल, एक दातांचे डॉक्टर, एक इंजिनिअरिंगचा पोरगा आणि गुडघ्यांची तक्रार असलेला मी. सुरुवातीला वॉचमन बघायला यायचा. आता येत नाही.

डिफ, म्हणजे डिफरन्शियल, हे काय असतं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. पण सोडू नये, कारण तो मला फार चांगला सांगता येतो. गणपतीच्या मिरवणुकीत लेझमीची रांग मांडवीपाशी वळते, तेव्हा आतल्या टोकाचा पोरगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाच्याला धावावं लागतं. मोटारीच्या चाकांचंही तेच. दोन्ही मागची चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली, तर वळणावर एक तरी चाक फरफटणारच. 1820च्या दशकात ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी यावर दातेरी चक्रांचा तोडगा काढला. आमचं गिअर डिफ त्याच घराण्यातलं. आत इवलाले बेव्हल गिअर, बाहेरून बंद, आणि कुणाची तक्रार न करता फिरत राहणारं. त्याचा दोष एवढाच, की वळणात आतलं चाक जरा उचललं गेलं, की सगळी ताकद त्या अधांतरी चाकाकडे धावते. ते भिरभिरत बसतं आणि जमिनीवरच्या चाकाला काही मिळत नाही. ज्याचा जमिनीशी संबंध सुटला त्यालाच सगळी ताकद, हा नियम मोटारींपुरता नाही, पण आपण मोटारींपुरतं बोलू. दहाव्या हिश्शाच्या मोठ्या गाड्यांत यावर उपाय म्हणून डिफमध्ये दाट सिलिकॉन तेल भरतात. आमच्या बारक्या गाडीत बहुधा तेल ठरत नाही. मग चिकट ग्रीस कोंबायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

बॉल डिफच्या आत दाते नाहीतच. मोठ्या गिअरला भोकं पाडून त्यात छर्रे बसवलेले, दोन्ही अंगांना गुळगुळीत पोलादी चकत्या, आणि स्प्रिंग दाबून हे सगळं एकत्र धरणारा एक स्क्रू किंवा नट. ताकद पोचते ती निव्वळ दाबाने. दाब कमी पडला तर छर्रे घसरतात, चकत्यांवर चर पडतात आणि डिफ खरखरायला लागतं. जास्त झाला तर दोन्ही चाकं बांधल्यासारखी होतात, आणि गाडी वळायचं सोडून सरळ भिंतीकडे निघते. या दोहोंच्या मधे स्क्रूचा आठवा हिस्सा फेरा असतो.

त्या आठव्या हिश्शावर माझी समाजातली प्रतिष्ठा उभी आहे.

कारण असं, की गिअर डिफवाल्याला हरल्यावर करण्यासारखं काही नसतं. तो हरतो आणि घरी जातो. बॉल डिफवाला हरला, की खाली बसतो, चष्मा कपाळावर सरकवतो, खिशातून बारीक पाना काढतो, दोन्ही चाकं धरून मधला गिअर अंगठ्याने ढकलून बघतो आणि ‘हं’ म्हणतो. त्या ‘हं’ची सर जिंकण्याला नाही. दातांचे डॉक्टर गिअर डिफ लावतात आणि जिंकतात, पण त्यांना कुणी काही विचारत नाही. मला विचारतात. ‘काका, आज टाइट ठेवलंय का?’ असं त्या पोराने म्हटलं, की मी मुद्दाम जरा वेळ लावतो. ‘हवा दमट आहे,’ मी सांगतो. हवेचा काही संबंध नसतो.

तसं पाहिलं तर बडोद्यात छोट्या गाड्या पळवण्याची परंपरा आमच्या फार आधीची, आणि थेट राजवाड्यातली. लक्ष्मी विलासच्या आवारात मुलांना शाळेत नेण्या-आणण्यासाठी छोटी आगगाडी होती. ती शाळा होती त्या इमारतीत आज महाराजा फतेसिंह संग्रहालय आहे. पण आगगाडीला रूळ असतात, वळायचं कसं हे तिला ठरवावं लागत नाही, म्हणून तिला मी आमच्यात धरत नाही. आमचे खरे पूर्वज म्हणजे सयाजीराव महाराजांचे पोपट.

सयाजीरावांची नात, म्हणजे पुढे जयपूरच्या महाराणी झालेल्या गायत्रीदेवी, यांनी 1976च्या आत्मचरित्रात या पोपटांची हकीकत लिहून ठेवली आहे. शिकवून तयार केलेले पोपट, त्यांना चांदीच्या सायकली, चांदीच्या मोटारी. पोपट मोटार चालवत, तारेवरून चालत, नाटुकली करत. त्यातलं एक नाटुकलं असं, की एक पोपट मोटारीखाली येतो, डॉक्टर पोपट त्याला तपासतो, आणि बाकीचे त्याला स्ट्रेचरवरून उचलून नेतात. कार्यक्रमाचा शेवट चांदीच्या इवल्याशा तोफेच्या सलामीने.

मी हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. त्या चांदीच्या मोटारीला डिफरन्शियल होतं का? नसावं. मग वळताना चाक फरफटत असणार, गाडी हवी तिथे वळत नसणार, आणि तो बिचारा पोपट खराच गाडीखाली येत असणार. दरबारी मंडळी इतकी वर्षं त्याला नाटक समजून टाळ्या देत राहिली. चालक पोपटाने खाली उतरून ‘हं’ केलं असेल का? डॉक्टर पोपटाचं निदान काय झालं असेल? आमच्याकडेही डॉक्टर आहेत, पण दातांचे. त्यांनी गिअर डिफची बाजू घेणं एका अर्थी धंद्याला धरूनच आहे. ते काही असो. बडोद्यात छोट्या मोटारीच्या चालकाचा पोपट होणं ही अशी राजमान्य गोष्ट आहे, आणि ती परंपरा मी दर रविवारी निष्ठेने चालवतो. रेस चालू असताना मी हे सगळं शेअरदलालांना रंगवून सांगितलं. ते म्हणाले, ‘भाई, तमारी गाडी ऊंधी पडी छे.’

घरात मात्र बॉल डिफला विरोध आहे, आणि तो बाबांचा. बाबांची सगळी नोकरी माणेजाच्या बेअरिंगच्या कारखान्यात झाली. 1962 साली प्रिसिजन बेअरिंग्ज म्हणून निघालेला तो कारखाना पुढे ‘फॅग’ झाला, आता ‘शेफलर’ आहे. बाबांच्या तोंडी अजून फॅगच. फॅगमधला ‘एफ’ म्हणजे फिशर, आणि श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिख फिशरनी 1883 मध्ये पोलादी छर्रे एकसारखे गोल घासणारं यंत्र तयार केलं, हे मला शुभंकरोतीच्या बरोबरीनेच पाठ झालं होतं. त्यामुळे बॉल डिफ बघून त्यांना भरून येईल, अशी माझी कल्पना. पोलादाहून कितीतरी कठीण असे टंगस्टन कार्बाइडचे छर्रे मागवले आणि बशीत घालून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

‘म्हणजे हे घसरू नयेत म्हणून तू त्यांना दाबून धरतोस?’

‘हो.’

‘आणि वर ग्रीस लावतोस.’

‘हो.’

‘ग्रीस लावतोस आणि घसरू नका म्हणतोस.’

मी सिलिकॉन ग्रीसचा वेगळेपणा समजावायला लागलो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ‘आम्ही जन्मभर घर्षण मारलं रे,’ ते म्हणाले, ‘आणि तू पैसे मोजून ते घरात आणलंस.’

बाबांचे हात आता कापतात. शर्टाची बटणं आई लावते, आणि ती लावत असताना ते खिडकीबाहेर बघतात. त्या दिवशी त्यांनी गाडीतलं जुनं डिफ मागून घेतलं, डोळे मिटले आणि अंगठा नि तर्जनीत धरून हळूहळू फिरवलं. हात कापतच होता. ‘एक चेपलाय,’ म्हणाले. मी डिफ खोललं, छर्रे पुसले, भिंग लावून एकेक बघितला. एका छर्ऱ्यावर सपाट डाग होता. मला भिंग लावूनही तो आधी दिसला नव्हता, दुसऱ्यांदा बघावं लागलं. रविवारी ‘हं’ म्हणतो तो मीच.

मला चीड येते ती याची, की असा अंगठा आता तयार होत नाही. याच गावात सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं, हाताने काम करणारी माणसं घडावीत म्हणून. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आणि आमच्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोराने तिसऱ्या वर्षापर्यंत एकही गिअरबॉक्स उघडून बघितलेला नव्हता. त्याचा काय दोष? उघडू देतं कोण? मिक्सर बंद पडला तर दुकानदार नवा दाखवतो. मोबाइलची पाठ डिंकाने बंद केलेली. मोटारीचं बॉनेट वर केलं तर खाली प्लॅस्टिकचं आणखी एक झाकण, आणि त्यावर हात लावू नका असं चित्र. वस्तू विकत घ्यायची, पण तिच्या आत काय चाललंय ते बघायचं नाही, हा कुठला व्यवहार? बॉल डिफ निदान उघडता येतं. बिघडतंही तेच जास्त, पण बिघडलेलं हाताला कळतं.

तो पोरगा आता अधूनमधून आमच्याकडे येतो. बाबा त्याला जुनी बेअरिंगं फिरवायला देतात आणि काय लागलं ते विचारतात. तो डोळे मिटून सांगतो, ते मान हलवतात, पुन्हा फिरव म्हणतात. मला कधी विचारत नाहीत. मी चहा नेऊन देतो.

तुम्ही या नादाला लागणार असाल तर माझं मत सांगतो. फोमच्या ट्रॅकवर मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल, तर नीट बसवलेलं बॉल डिफ वळणातून बाहेर पडताना गिअर डिफपेक्षा सरस पडतं, यात वाद नाही. पण बडोद्याच्या मे महिन्यातली धूळ त्यात शिरते. मग ते खोला, लायटरच्या पेट्रोलने धुवा, चकत्या उलटवून कोरी बाजू छर्ऱ्यांकडे करा, पुन्हा थोडं थोडं करत आवळा. याची हौस नसेल तर सरळ गिअर डिफ घ्यावं, आत जरा चिकट ग्रीस भरावं आणि विसरून जावं. मात्र दोन्हींच्या आधी चांगले टायर घ्यावेत. एवढ्या लहान गाडीत डिफच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक तक्रारी टायरच्याच निघतात.