सेक्रेटरी साहेब, काकूंचं नाव फळ्यावरून पुसा

सेक्रेटरी साहेब,

नायगावातल्या आपल्या सोसायटीच्या गेटवर तुम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना थकबाकीदार म्हणून जाहीर केलंत. काकूंनी मेंटेनन्स कधी थकवला? गुडघे गेले म्हणून त्या गावी राहायला गेल्या आणि घरात त्यांची लेक, जावई, नात राहू लागले. लगेच तुम्ही घर भाड्यानं दिल्यावर लागणारा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावलात, त्यावर २१ टक्के व्याज चढवलंत. पोटची मुलगी तुमच्या वहीत भाडेकरू झाली. शाबास!

राज्य सरकारनं १ ऑगस्ट २००१ रोजी सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली आदेश काढला. हा चार्ज सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर जाता कामा नये, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचा कर धरायचा नाही. घरात सभासदाचं कुटुंब, लग्न झालेली मुलगी किंवा नातवंडं राहत असतील, तर चार्जच नाही. दक्षिण मुंबईतली मॉन्ट ब्लँक सोसायटी या मर्यादेविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. २००७ साली न्यायालयानं सरकारचाच आदेश कायम ठेवला. मोठमोठे वकील उभे करूनही जे मिळत नाही, ते तुम्ही गिरणी कामगाराच्या विधवेकडून एका बिलावर उकळताय. तेही कर धरून!

मला तुमचा हिशेब चुकला असं वाटत नाही. गेल्या सभेत काकूंनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची कोटेशनं बघायला मागितली होती. कागद त्यांना अजून मिळालेले नाहीत, वाढीव बिल मात्र पुढच्याच महिन्यात आलं. थकबाकीदाराला कमिटीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही, हा नियम तुम्हाला तोंडपाठ आहे. २००१ चा आदेश तेवढा वाचायचा राहिला.

आता पाणी तोडायची भाषा सुरू झाली आहे. पाणी तोडणारे तुम्ही कोण? थकबाकी खरी असेल तर कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे जा. तिथे सभासदाचंही म्हणणं ऐकतात, मगच वसुली दाखला मिळतो. तुम्ही जात नाही, कारण तिथे आकडा कुठून आला ते सांगावं लागेल. उलट काकूंनी कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जायचं म्हणजे वकील, तारखा, जिने. त्यांचं वय आणि त्यांचे गुडघे यांवरच तुमची सगळी मदार आहे. याची मला चीड येते.

पलीकडे बीडीडीच्या ४२ चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीत जन्म काढलेली माणसं ५०० फुटांच्या घरात जाणार, त्यांच्याही सोसायट्या होणार. सामायिक नळावरची भांडणं त्यांनी आजवर गॅलरीत बसून मिटवली. त्यांच्या नशिबी तुमच्यासारखा सेक्रेटरी येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

काकूंचं नाव आजच पुसा. लावलेला चार्ज व्याजासकट रद्द करा. वॉटरप्रूफिंगची कोटेशनं आणि बिलं ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेत सगळ्यांसमोर ठेवा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर उपनिबंधकांकडे जो अर्ज जाईल, त्यावर काकूंच्या सहीखाली आमच्याही सह्या असतील.

तुमच्याच इमारतीतला एक सभासद