फॅमिली सेक्शन

(रंगमंचावर एक टेबल, एक खुर्ची. टेबलावर पाण्याचा जग आणि बडीशेपेची वाटी. तिशीतला एक जण येतो, खुर्चीवर बसता बसता उठतो.)

आमच्या ओंक्याचं लग्न झालं बरं का. कार्यालय वडिलांनी ठरवलं, केटरर मामांनी, मुहूर्त गुरुजींनी. मुलगी मात्र त्यानं स्वतः बघितली. तेवढ्यानं तो इतका दमला की बॅचलर पार्टीचं हॉटेल शोधायचं काम माझ्या गळ्यात टाकलं. माझ्याच का? तर मी मागे एकदा कुठल्याशा हॉटेलात म्हणालो होतो, "इथला चिकन सुका बरा आहे." तेव्हापासून मी ग्रुपचा खाद्यतज्ज्ञ!

ओंक्याची अट एकच. (छातीवर हात ठेवून) "भावा, जागा मेमोरेबल पाहिजे."

आपल्या बापांना हा ताप नव्हता. त्यांना केळवण होतं. केळवणाला हॉटेल निवडावं लागत नाही, आत्या असावी लागते. ताटाभोवती रांगोळी, मसालेभात, अळूचं फदफदं, जिलबी, "अजून एक घे, माझी शपथ," आणि निघताना हातात पाकीट. बॅचलर पार्टीतही पाकीट निघतं. आपल्या खिशातून.

बरं, आठ जण. आधी वार ठरवा म्हटलं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुध, शुक्र, रवी. शुक्रवारी पिट्या आंबट खात नाही. संतोषीमातेचं व्रत आईचं, पथ्य ह्याचं! म्हणजे तंदुरीवर लिंबू नाही, सोलकढी नाही. बुधवारी ऑफिस. रविवारी दुसऱ्या दिवशीचं ऑफिस. शेवटी शनिवारच धरला. म्हटलं, मारुतीराया, तुम्हीही ब्रह्मचारीच. बॅचलर पार्टी तुम्ही नाही समजून घेणार तर कोण घेणार?

तेवढ्यात निख्या म्हणतो, "पण मार्गशीर्ष आहे. मी महिनाभर खात नाही."

"आणि पितोस?"

"पितो ना. आईशी खाण्याचं बोलणं झालंय. पिण्याचा विषय अजून निघालेला नाही."

(जगातलं पाणी ओततो, पितो.)

आता जागा. ओंक्याचे काका म्हणाले, गुडलकला जा. डेक्कनचं, १९३५ पासूनचं. जीव आहे आमचा त्याच्यावर, अर्धं कॉलेज तिथल्या बन-मस्क्यावर पास झालंय. पण बन-मस्का खाऊन कोणी संसारात उडी मारत नाही हो. मग म्हणाले, कॅम्पात दोराबजी. बिर्याणी, धनसाक, १८७८ पासून. १८७८! तेव्हा टिळक वकिली शिकत होते. काका, म्हटलं, वाढदिवस हॉटेलचा नाहीये.

पिट्या म्हणाला, सिंहगड! पिठलं-भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही. मलाही पटलं होतं. पण ओंक्या पांढराफटक. म्हणे, "१६७० साली तानाजी मालुसरे मुलाचं लग्न बाजूला ठेवून तो गड चढले. माझी सासू इतिहास शिकवते. लग्नाच्या आठवड्यात मी सिंहगडावर गेलो हे तिला कळलं, तर ती काय अर्थ काढेल?"

मग मी पॉश जागांना फोन लावायला लागलो. (मोबाइल कानाला) "हां, आठ जण, शनिवार रात्र... बर्थडे नाही, बॅचलर पार्टी... हो, सगळे पुरुषच... काय? स्टॅग एन्ट्री बंद? कपल्स ओन्ली?... अहो, मुलाचं लग्न व्हायचंय म्हणून तर पार्टी आहे! जोडीनं कुठून आणू त्याला?... लेडीज आणल्या तर चालेल? कोणाच्या?" (मोबाइलकडे बघतो) ठेवला.

सगळीकडे हेच. बॅचलर पार्टी करायची तर आधी लग्न करून या!

शेवटी सापडलं. हायवेला, जुनं. नाव सांगत नाही, पण पाटी पाठ आहे: "शुद्ध शाकाहारी व मांसाहारी. फॅमिली रेस्टॉरंट अँड परमिट रूम." खाली परमिट रूम. पिवळा दिवा, भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर मॅच, आवाज बंद. स्टीलच्या ताटलीत कांदा, लिंबू, त्यावर मीठ. वर फॅमिली सेक्शन: एसी, पडदे, काचेच्या पेटीत मासे. खाण्याचे नव्हे, बघण्याचे. जेवण वर चांगलं. पीठ एकच, तवा एकच, पण वर भाकरी फुगून येते हो!

मॅनेजर म्हणाला, "वर फॅमिली लागते."

"आठ भाऊ आहेत समजा."

"साहेब, फॅमिली म्हणजे लेडीज. एक तरी."

आठांनी एकमेकांकडे बघितलं. बायको-मैत्रीण आणायची नाही, हा पार्टीचा पहिला नियम. ओंक्या हळूच म्हणाला, "आजीला विचारू?"

आजी ८१ वर्षांची. आम्हाला वाटलं, नाही म्हणेल. तिनं एकच प्रश्न विचारला: "मटण हाडाचं असतं ना तिथे?"

"आजी, शनिवार आहे."

"माझा उपास सोमवारी."

(चालण्याचा अभिनय: आजीचा हात धरून जिना चढतो.)

तर आठ बाप्ये आणि मध्ये नऊवारीतली आजी. जो वेटर खाली मला दहा वर्षं "बोला" एवढंच म्हणतो, तो वर वाकून विचारतो, "आजी, कोमट पाणी आणू?" बडीशेप आधी, मेन्यू नंतर! आजीनं मेन्यू उघडलाच नाही. म्हणाली, "रस्सा वाटीत आण थोडा. चव बघते."

आला. आजीनं बोट बुडवलं. (बोट जिभेला लावतो. डोळे मिटतो. बराच वेळ.) आठ जण श्वास रोखून. "तवंग चांगलाय. खोबरं भाजलं नाहीस. नुसतं परतलंयस." वेटर आत गेला आणि आचारीच बाहेर आला, खांद्याला फडकं, हातात झारा. मी म्हटलं, गेलो आपण. तर तो आजीच्या पाया पडला! म्हणे, "आई, आज घाई झाली." पुन्हा खोबरं भाजलं, पुन्हा वाटण घातलं. तो तांबडा रस्सा... मार्गशीर्षवाला निख्या भाकरी कोरडीच मोडत होता. आजी त्याला म्हणाली, "अरे, रस्सा घे. रस्सा म्हणजे पाणी." त्यानं घेतलं पाणी. पाच वाट्या.

आणि मग मॅनेजर आला, परमिटचं पुस्तक घेऊन. गंमत नाही, कायदा आहे. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९चा. तेव्हा गृहमंत्री मोरारजी देसाई. महाराष्ट्रात दारू प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो. एका दिवसाचा ५ रुपये, आजन्म १,००० रुपये. लग्नासारखंच, आजन्म एकदम घेतलं की स्वस्त वाटतं. एरवी कोणी विचारत नाही, पण हा मॅनेजर तत्त्वाचा माणूस.

"वय सांगा. बिअरला २१ पूर्ण, व्हिस्कीला २५."

आमचा सुम्या २४चा. सुम्याचं लग्न झालंय! घरी बायको, पाळण्यात मुलगी, डोक्यावर वीस वर्षांचं गृहकर्ज. हे सगळं सरकारला चालतं. व्हिस्की मागितली तर, "बाळ, अजून लहान आहेस."

आजी चष्मा लावून बघत होती. "काय लिहून घेतोय हा?"

आता आजीला काय सांगणार? मी म्हटलं, "सरकारी कागद आहे, आजी."

"कसला?"

मॅनेजर खरं बोलणारा. म्हणाला, "आजी, कायद्याप्रमाणे हा परवाना प्रकृतीस्वास्थ्यासाठी देतात."

(थांबतो. आजीच्या आवाजात, पदर सावरत.)

"प्रकृतीसाठी? मग ह्या घोड्यांना काय झालंय? आधी माझं नाव लिही. वय ८१. दोन्ही गुडघे."

मॅनेजरचं पेन हवेत. वेटर मागे, हातात जग. "आजी... कशात देऊ?"

"ते कोमट पाणी आणलंयस ना मघाशी? त्यातच घाल."

(अंधार.)