सासूचं माहेर सिंदखेड, सुनेचं वेरूळ

अहो वहिनी, ऐकलंत का? या इकडं, जरा हळू बोलू... पलीकडच्या घरात काल सासू-सुनेचं जुंपलं! कशावरून म्हणाल? साडी नाही, स्वयंपाक नाही. चक्क खंडागळ्यांच्या हत्तीवरून!

ती ‘स्वराज्यजननी जिजामाता’ मालिका आठवते ना, २०१९ मध्ये सोनी मराठीवर सुरू झालेली? अमृता पवार जिजाऊ झाली होती बघा. काय गोड दिसायची... तर काय सांगत होते, नातीनं ती आता मोबाईलवर लावून दिलीय. मी आपली विरजण मागायला गेले, तर बसवूनच घेतलं.

सासूबाईंचं माहेर सिंदखेड राजा. जिजाऊंचे वडील लखुजीराव म्हणजे जणू यांचे सख्खे आजोबा! सून वेरूळची, म्हणजे भोसल्यांच्या गावची. खंडागळ्यांचा हत्ती पिसाळला नि त्यावरून जाधव-भोसल्यांत जुंपली, तो विषय निघाला नि सून बोलून गेली, ‘तुमच्या लखुजींनीच आमच्या संभाजीला, जिजाऊंच्या चुलत दिराला मारलं.’ अगं बाई! सासूबाईंचा चेहरा असा उतरला... सोलता लसूण खाली ठेवून म्हणाल्या, ‘अन् आधी आमच्या दत्ताजीला, जिजाऊंच्या भावाला कोणी मारलं?’ सासरे मध्ये पडायला गेले, तर दोघी मिळून त्यांच्यावरच!

मग निघालं १६२९ चं दौलताबाद. निजामशहाच्या भर दरबारात लखुजीराव, त्यांचे मुलगे अचलोजी, राघोजी, नातू यशवंतराव, चौघांनाही कापलं. घरात चिडीचूप. आणि सांगू? पदर आधी सुनेनं डोळ्याला लावला. ‘आई, तेव्हा जिजाऊ पोटुशी होत्या ना?’ होत्याच की, पुढच्या फेब्रुवारीत शिवबा झाले शिवनेरीवर. सासूबाई विरघळल्या. म्हणाल्या, ‘भाऊ गेला, चुलत दीर गेला, बाप गेला. त्या माउलीनं कोणाकोणासाठी रडायचं गं?’

मला तर बाई पटलं. पण काय हो, त्या मोबाईलपुढं एवढं रडायचं आणि लखुजीरावांची ती थोरली समाधी सुनेला अजून कोणी दाखवली नाही! आपल्या देऊळगाव राजाहून सिंदखेड असं कितीसं लांब? १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाच्या रेट्यात निवांत बघणं होत नाही, म्हणून आपण साधा दिवस धरू. दोघींनाही घेऊ. फक्त एका सीटवर बसवायचं का नाही, ते तुम्ही ठरवा!