साडेपाच तासांचा माणूस

नगरचं अहिल्यानगर झालं, पण सावेडीतला लिनक्सवाला आहे तसाच आहे. तुम्ही नुसतं “कॉम्प्युटर जरा स्लो झालाय” म्हणा, याचा चेहरा वरातीतला घोडा दिसल्यासारखा खुलतो. किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह निघतो. “विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५लाच संपला, भाऊ. मिंट टाकू. फुकट आहे.”

फुकट खरंच आहे. चहाचे सहा कप आणि एक रविवार सोडला तर.

काहीही इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवायचं आणि वायफाय, आवाज, प्रिंटर तपासून घ्यायचा, हा त्याचा पहिला नियम. पहिला नियम घाईत विसरायचा, हा दुसरा. त्यामुळे मिंट बसलं आणि वायफाय उठलं. ड्रायव्हर नेटवरून आणायचा, आणि ड्रायव्हरशिवाय नेट नाही! पण गडी हटला नाही. माझाच मोबाइल केबलनं जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून पाच मिनिटांत काम फत्ते. इथं मी त्याला मानलं.

मग अपडेट लावलं आणि निम्म्यात लाइट गेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्याला मात्र आता कुठं मजा यायला लागली होती. लाइट आल्यावर त्यानं टर्मिनल उघडलं आणि मला टाइप करायला बसवलं. “सुडो, स्पेस, डीपीकेजी, स्पेस, दोन डॅश कॉन्फिगर, स्पेस, डॅश ए.” पूजेला बसलेल्या यजमानासारखा मी निमूट बडवत होतो. अर्धवट राहिलेली पॅकेजं एकेक करून मार्गी लागली. आचमन तेवढं राहिलं.

विंडोजही शेजारी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलीनं ते उघडलं, तर सकाळी साडेअकराला घड्याळात सहा. मी फोन लावला.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी लिहितं, विंडोज तीच इथली वेळ समजून वाचतं. फरक साडेपाच तासांचा. चूक विंडोजची आहे.”

“पण क्लास पोरीचा बुडाला ना!”

उपाय एका ओळीचा निघाला: टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १. ती ओळ सांगायला त्याला पाऊण तास लागला, कारण वाटेत १९९१ साल, हेलसिंकी आणि तिथला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स लागतो, आणि त्याला वळसा घालून जाणं याला पाप वाटतं.

परवा प्रोफेसर कॉलनी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या मिसेस भेटल्या. आधारची प्रिंट काढायला आल्या होत्या.

“वहिनी, घरी प्रिंटर आहे ना?”

“आहे की, भाऊजी. काल संध्याकाळपर्यंत चालतही होता,” त्या म्हणाल्या. “रात्री यांनी नवी डिस्ट्रो टाकली.”