माजी विजेत्याने दुसऱ्यांदा कसे उतरावे: उधन्यातल्या उमेदवारांसाठी मार्गदर्शन

टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत एकदा जिंकलेल्या माणसाचे पुढे काय करायचे, हे आपल्याकडे कोणी ठरवलेलेच नाही. हर्षवर्धन नवाथे यांनी ऑक्टोबर २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त एक कोटी रुपये जिंकले. त्यांच्यामागून करोडपती बरेच झाले. पण त्या सगळ्यांना एका मंचावर आणून ‘आता आपसात काय ते ठरवा’ असे म्हणण्याची रीत काही रुजली नाही. झी मराठीच्या ‘लिटिल चॅम्प्स’मधली पाच गाजलेली मुले २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमात परतली, ती परीक्षक म्हणून. जुना गडी परत आला की आपण त्याला खुर्ची देतो, आखाडा देत नाही.

अमेरिकेत तसे नाही. तिथल्या ‘जेपर्डी’ या कार्यक्रमात १९८५ पासून जुन्या विजेत्यांची स्वतंत्र स्पर्धा होते. २००५ साली तर शंभराहून अधिक माजी विजेते गोळा करून त्यांना महिनोन्‌महिने एकमेकांशी झुंजवले. शेवटी ब्रॅड रटर वीस लाख डॉलर घेऊन घरी गेला. हे लोण उद्या इकडे पोचणार नाही असे कोणी सांगावे? सुरतेच्या उधन्यातल्या माजी विजेत्याची ऐन वेळी धांदल उडू नये, एवढ्यासाठी पुढील मार्गदर्शन.

माजी विजेता कोणाला म्हणावे, याबाबत उधन्यातले निकष उदार आहेत. हॉटसीटवर बसून आलेला तर विजेता असतोच. ‘होम मिनिस्टर’मध्ये पैठणी जिंकलेल्या वहिनीही विजेत्याच. शिवाय गणेशोत्सवात मंडळाच्या सामान्यज्ञान स्पर्धेत, माइक बंद पडल्यामुळे बाकीच्यांची उत्तरे ऐकूच न आल्याने, पहिले आलेले जिभाऊही त्याच पंक्तीला बसतात. गल्ली या तिघांत भेद करत नाही.

निमंत्रणाचा फोन आला की उमेदवाराने सर्वप्रथम तो ठेवून द्यावा. अमुक लाखांची केबीसी लॉटरी लागली आहे, तेवढी प्रक्रिया फी भरा, असे सांगणाऱ्या भामट्यांनी व्हॉट्सॲपवरून कित्येकांना बुडवले आहे आणि पोलिसांनी त्याबद्दल वारंवार बजावले आहे. खरा कार्यक्रम बक्षिसाआधी पैसे मागत नाही. तो बक्षिसानंतर मागतो, आणि तोही सरकारच्या वतीने: अशा कमाईवर ३० टक्के कर, वर उपकर, रक्कम मोठी असेल तर अधिभार, आणि कपात हातात पैसे पडण्याआधीच. उमेदवाराने हा हिशेब बायकोला आधी सांगावा. नंतर सांगितल्यास तिसरी फेरी घरी होते.

आता तयारी. इथे बहुतेक उमेदवार पहिल्याच पायरीवर घसरतात, कारण त्यांना वाटते की नवे पाठ करायचे आहे. नवे पाठ करणे सोपे आहे. ते कोचिंग क्लासातला सोळा वर्षांचा पोरगाही करतो. माजी विजेत्याची खरी अडचण म्हणजे त्याची जुनी बरोबर उत्तरे. ज्या उत्तराने एकेकाळी टाळ्या मिळाल्या, ते डोक्यात फार खोल रुतलेले असते, आणि बझर दाबताक्षणी तेच आधी वर येते.

नवाथे जिंकले तेव्हा सूर्यमालेत नऊ ग्रह होते. ऑगस्ट २००६ मध्ये प्लूटोला पंक्तीतून उठवले. नवाथे जिंकले तेव्हाच देशात २५ राज्ये होती. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २००० मध्ये, ती २८ झाली. २०१४ साली २९ झाली. २०१९ साली जम्मू-काश्मीरचा राज्याचा दर्जा गेला आणि आकडा पुन्हा २८ वर आला. म्हणजे २८ म्हणणारा माणूस २००१ साली बरोबर, २०१५ साली चूक आणि आज परत बरोबर. असे उत्तर भंगारात काढू नये, माळ्यावर ठेवावे. महाराष्ट्राचे ३५ जिल्हे मात्र खुशाल काढून टाकावेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर झाला आणि ते ३६ झाले. उस्मानाबादचे धाराशिव, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचे अहिल्यानगर ही नावे तर उमेदवाराने चहा ढवळताना पुटपुटत राहावीत. शेजारी काय म्हणतील याची काळजी नको. ते आधीच म्हणत असतात.

सूत्रसंचालक कोण, हा प्रश्न तर त्याहून घातकी. हिंदीत अमिताभ बच्चन हे उत्तर सहसा चालते, पण २००७ च्या पर्वात खुर्चीवर शाहरुख खान होता. मराठीत २०१३ ला सचिन खेडेकर, २०१६ ला स्वप्नील जोशी, २०१९ ला नागराज मंजुळे आणि २०२१ ला परत खेडेकर. तेव्हा खेडेकर हे उत्तर २८ राज्यांच्या जातीचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

उधना हे या विसरण्याच्या अभ्यासाला देशातले एक उत्तम ठिकाण आहे. इथे एकाच प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे असतात, आणि कोणते द्यायचे ते समोर कोण उभे आहे त्यावर ठरते. नवे वर्ष कधी लागते? घरमालकाकडे दिवाळीच्या पाडव्याला, घरात गुढीपाडव्याला. आत्ता साल कोणते? मालक विक्रम संवत सांगतो, आजी शालिवाहन शक. दोघांत कधी १३४, कधी १३५ वर्षांचा फरक, आणि भाडे मात्र एकाच इंग्रजी तारखेला. शिवाजी महाराज सुरतेत कधी आले? १६६४ च्या जानेवारीत आणि १६७० च्या ऑक्टोबरात. साल विचारले तर साल सांगावे. येऊन काय केले, असे क्रियापदाचे विचारले तर उमेदवाराने पाणी मागावे आणि जाहिरातीची वाट पाहावी.

अभ्यासक्रमासाठी पुस्तके विकत घेऊ नयेत. उधना जंक्शनवर जळगावकडे जाणाऱ्या गाडीत बसावे, खिडकी धरावी. मुंबई-अहमदाबाद मार्गापासून तापी खोऱ्याचा हा फाटा इथेच सुटतो आणि तीनशेहून थोड्या जास्त किलोमीटरांवर जळगावला पोचतो. उधना-लिंबायत भागातली निम्मीअधिक खानदेशी घरे याच रुळावरून इकडे आली असतील आणि लग्नसराईत याच रुळावरून परत जातात. फक्त आजवर कोणी पेन घेऊन बसले नाही. बारडोली आली की १९२८ चा सत्याग्रह आणि वल्लभभाईंना मिळालेली ‘सरदार’ ही पदवी, दोन्ही लिहून घ्यावे. व्यारा आले की कान टवकारावेत: हे आता सुरत जिल्ह्यात नाही, २००७ साली वेगळ्या झालेल्या तापी जिल्ह्याचे मुख्यालय आहे. ज्या काकांनी शाळेत ‘जिल्हा सुरत’ लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले, ते इथेच बाद होतात. सोनगड हे पिलाजीराव गायकवाडांचे ठाणे. बडोद्याच्या राजवाड्याची गोष्ट या डोंगरी किल्ल्यापासून सुरू होते.

मग नवापूर. इथे गाडी थांबल्यावर उमेदवाराने खाली उतरावे, भजी घ्यावीत आणि फलाटावरचे ते प्रसिद्ध बाकडे शोधावे. राज्याची सीमा या स्थानकाच्या मधूनच जाते. बाकड्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिकिटाची खिडकी एका राज्यात, स्टेशनमास्तर दुसऱ्या राज्यात. उद्‌घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत. ‘नवापूर स्थानक कोणत्या राज्यात आहे’ या प्रश्नाला चार पर्याय दिले, तर प्रश्न काढणाराच अडचणीत येतो. उमेदवाराने बाकड्याच्या बरोबर मध्यावर बसून एक भजे या राज्यात व एक त्या राज्यात खावे. त्याने ज्ञान वाढत नाही, पण मुलाखतीत सांगायला बरे पडते.

पुढे नंदुरबार: १९४२ चा बालहुतात्मा शिरीषकुमार, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघालेला जिल्हा. अमळनेरला तर उमेदवाराने वही उलटी करून मागच्या पानांवरही लिहावे. साने गुरुजी इथे शिक्षक होते. विप्रो ही कंपनी १९४५ साली इथे निघाली, तेव्हा ती संगणकाच्या नव्हे तर वनस्पती तुपाच्या धंद्यात होती. मराठी साहित्य संमेलन इथे १९५२ साली झाले आणि पुन्हा २०२४ साली. धरणगाव हे बालकवींचे जन्मगाव. जळगावला उतरले की जवळच असोदे, बहिणाबाईंचे माहेर; त्यांचे नाव २०१८ साली विद्यापीठाला मिळाले, म्हणून ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ हे उत्तर देखील माळ्यावर जाते. एका स्लीपर तिकिटात एवढा मजकूर दुसरीकडे मिळत असल्यास कळवावे.

डोक्याचे झाले, आता बोटाचे. इथे करोडपतींची एक मोठी गैरसमजूत दूर करायला हवी. हॉटसीटवरचे कौशल्य म्हणजे थांबण्याचे कौशल्य. पाणी प्यावे, पर्याय पुन्हा वाचायला लावावेत, बाबूजींची आठवण काढावी, लाइफलाइन वापरावी, आणि पटले नाही तर खेळ सोडून मिळाले तेवढे घेऊन उठावे. समोर कोणी प्रतिस्पर्धी नसतो. असतो तो आपल्याला जिंकवायला निघालेला सूत्रसंचालक. माजी विजेत्यांच्या पुनर्भेटीच्या स्पर्धेत मात्र समोर आणखी दोन-तीन जण उभे असतात, आणि उत्तर त्यांनाही येत असते. ‘जेपर्डी’त तर खरी लढत बझरची असते: प्रश्न वाचून संपण्याआधी बटण दाबले, तर ते क्षणभर मुके होते. तो क्षण म्हणजे पाव सेकंद. जेम्स होल्झहाउअरसारखे खेळाडू बझर दाबण्याचा सराव घरी शास्त्रशुद्ध करतात. जानेवारी २०२० मध्ये तो, रटर आणि केन जेनिंग्ज हे तिघे सर्वश्रेष्ठ कोण हे ठरवायला उतरले, तेव्हा जेनिंग्जने तीन सामने घेतले, होल्झहाउअरने एक आणि रटरने एकही नाही. आधीच्या स्पर्धांतून लाखो डॉलर नेलेला रटर! ज्ञान तेवढेच होते, बोट पंधरा वर्षांनी म्हातारे झाले होते.

उधन्यात बोटाच्या सरावाला यंत्र विकत घ्यायला नको. ओळखीच्या लूम खात्यात रातपाळीला जाऊन उभे राहावे. तार तुटली की कारागीर विचार करत नाही, त्याचा हात आधी जातो. उमेदवाराने हातात टिकटिकणारे बॉलपेन धरावे आणि कारागिराच्या आधी ते दाबता येते का पाहावे. पहिला आठवडा तो हरेल. दुसऱ्या आठवड्यात शेठ येऊन विचारील की हा माणूस कोण आणि रोज का उभा असतो. तेवढ्यावर सराव पुरे झाला असे समजावे.

जनतेचा कौल घ्यायचा झाला तर सुरतेसारखी जनता नाही. महापालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. ओडिशाचा प्रश्न आला तर गंजामकडच्या कारागिराला फोन लावावा, तेलंगणाचा आला तर पद्मशाली विणकराला. खानदेशाचा आला तर मात्र कोणालाही लावू नये, कारण उत्तराआधी तब्येत, पाऊसपाणी आणि चुलत्याच्या मुलीचे स्थळ येते आणि तीस सेकंद तेवढ्यात संपतात.

जिंकल्यानंतरच्या आयुष्याबद्दल थोडे गंभीरपणे. २०११ साली पाच कोटी जिंकलेले मोतिहारीचे सुशील कुमार यांनी २०२० मध्ये स्वतःच फेसबुकवर लिहिले, की जिंकल्यानंतरचा काळ आयुष्यातला सर्वांत वाईट होता: महिन्याचे दहा-पंधरा दिवस कार्यक्रमांना हजेरी, बुडालेले धंदे, दानाच्या नावाखाली झालेली फसवणूक. पुढे ते पुन्हा शिकवण्याकडे वळले आणि चंपारणात चाफ्याची झाडे लावत राहिले. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवत होत्या, पगार महिना १५०० रुपये. २०१९ मध्ये त्यांनी एक कोटी जिंकले. आणि २००१ च्या ‘ज्युनियर’ पर्वात चौदाव्या वर्षी एक कोटी जिंकलेला रवी सैनी पुढे आयपीएस होऊन गुजरातेतच पोरबंदरचा पोलीस अधीक्षक झाला. पुनर्भेटीत समोर कोण उभे आहे, हे उमेदवाराने आधी पाहून घ्यावे. काहींच्या आधी बझर दाबताना दोनदा विचार केलेला बरा.

मंडळांची निमंत्रणे गणेशोत्सवाआधी येऊ लागतील. आरतीला जावे, भाषण टाळावे. पानटपरीवर ‘काय जिभाऊ, बठ्ठं याद शे ना?’ असे रोज विचारले जाईल. ‘शे’ म्हणावे आणि चालू लागावे. थांबले तर पुढचा प्रश्न येतो, आणि तो नेहमी ग्रहांचाच असतो.

चित्रीकरण मुंबईत झाले तर परतीचे नियोजन आधी करावे. जिंकल्यास सुरतेला उतरावे, हारतुरे तिथेच असतात. हरल्यास गाडी उधन्याला थांबते का, ते तिकीट काढतानाच पाहावे; मुंबईहून येताना उधना आधी लागते, आणि सुरत स्थानकाच्या बांधकामामुळे अलीकडे बऱ्याच गाड्या उधन्याला थांबू लागल्या आहेत. मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नसण्याचीच शक्यता जास्त. ते हार घेऊन सुरतेच्या फलाटावर उभे असतात, तोवर उमेदवाराने रिक्षा करून घरी पोचावे आणि दाराला आतून कडी लावावी.