जग बुडाल्यावर चौकात

प्रलय कुठेही यावा, मीरा-भाईंदरवर येऊ नये. आमच्याकडे लपायला भुयार नाही. अणुयुद्धातून वाचलेली माणसं मेट्रोच्या बोगद्यांत संसार थाटतात, ही कल्पना मॉस्कोच्याच माणसाला सुचावी. दिमित्री ग्लुखोव्स्कीने ‘मेट्रो २०३३’ ही कादंबरी २००२ मध्ये इंटरनेटवर टाकली, २००५ मध्ये तिचं छापील पुस्तक झालं. त्याच्या शहरातलं पार्क पोबेदी स्टेशन जमिनीखाली ८४ मीटरवर आहे. १९४१ मध्ये जर्मन बाँब पडत होते तेव्हा मॉस्कोकर खरोखरच मेट्रोत झोपायला जात, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टालिनने मायाकोव्स्काया स्टेशनात सभाही घेतली होती. भुयाराची सवय शहराला आधीच होती, लेखकाने फक्त मुक्काम वाढवला. आमची मेट्रो ९ दहिसरहून भाईंदर पश्चिमेकडे जाते ती खांबांवरून. तिच्याखाली काही ठिकाणी उड्डाणपूल, त्याखाली रस्ता, आणि जमिनीखाली म्हणाल तर त्या रस्त्यातले खड्डे तेवढे. मुंबईत जाऊन लपावं, तर तिथली भुयारी मेट्रो ३ आहे खरी. पण २६ मे २०२५ रोजी पावसाने तिच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनातच मुक्काम ठोकला. मॉस्कोच्या भुयारांत राक्षसांचा सुळसुळाट व्हायला कादंबरीत वीस वर्षं लागतात. आमच्याकडे पहिल्याच पावसाने एका सकाळीत काम उरकलं.

म्हणून या कादंबरीवरची गेममालिका २०१९ मध्ये बोगद्याबाहेर पडली, तेव्हा मालिकेच्या जुन्या भक्तांनी कितीही नाकं मुरडली तरी मी म्हणतो ती आपल्या दिशेने आली. कीव्हच्या ‘फोर-ए गेम्स’ने २०१० मध्ये ‘मेट्रो २०३३’ काढला, २०१३ मध्ये ‘लास्ट लाइट’. दोन्हींत रस्ता एकच, पुढे. अंधार, पाण्याची टपटप, आणि मनगटावरच्या घड्याळात मुखवट्याच्या फिल्टरचे उरलेले क्षण. टॉर्च मंदावला की हातातला चार्जर दाबत बसायचा; एका बंदुकीत तर हवा भरावी लागते, आपले आजी-आजोबा रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारत तशी. आणि चलन कोणतं? युद्धापूर्वीच्या चांगल्या काडतुसांचं. तीच देऊन बाजारहाट करायचा, आणि अगदीच गळ्याशी आलं तर तीच बंदुकीत भरून झाडायची. ‘पैसे उडवणे’ हा वाक्प्रचार इतक्या प्रामाणिकपणे कुणी वापरल्याचं माझ्या पाहण्यात नाही. राक्षस अंगावर आला असताना खेळणारा मनातल्या मनात हिशेब करतो की याला मारायचं की औषध घ्यायचं. मध्यमवर्गाचं इतकं नेमकं चित्रण आपल्या नाटकांतही क्वचितच दिसतं.

तिसऱ्या भागात, ‘एक्सोडस’मध्ये, नायक आर्त्योम, त्याची बायको आना, सासरेबुवा कर्नल मिलर आणि त्यांचे सोबती ‘अरोरा’ नावाच्या वाफेच्या गाडीने मॉस्को सोडतात. व्होल्गाकाठची दलदल, आटलेला कॅस्पियन, तैगाचं जंगल, अशी तीन मोठी मैदानं वाटेत लागतात. तिथे दिवस-रात्र होते, हवा बदलते, बंदुकीत धूळ जाऊन ती अडते. दुकानं नाहीत, चलन नाही. सगळ्या जगाची दोनच भागांत वाटणी झालेली आहे, भंगार आणि रसायन, आणि त्यातून जे लागेल ते आपण घडवायचं. भुयारातला दुकानदार गेला, उघड्यावरचा भंगारवाला आला. बोगद्याचा गेम मैदानात आला की भीती पळून जाते, हा भक्तांचा पहिला आक्षेप. तो अगदीच खोटा नाही. पाठ भिंतीला लावायला भिंतच नसली की खेळणारा शेर होतो. पण भीतीचे प्रकार दोन असतात. बोगद्यातली भीती ‘पुढे काय असेल’ ही. मैदानातली भीती ‘परत जाता येईल का’ ही. दुसरी जास्त टिकते, हे संध्याकाळची शेवटची बस चुकलेला कुणीही सांगेल.

‘एक्सोडस’ ही मुळात जागा शोधण्याची गोष्ट आहे. राहायला परवडेल अशी हवा, पाणी, जरा ऐसपैस. गाडी एकेका ठिकाणी थांबते, मंडळी उतरून पाहतात, इथे पाण्यात विष आहे, तिथे पाणीच नाही, की पुन्हा डब्यात. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला हवं का? गिरगाव-लालबाग सोडून निघालेल्या कुटुंबांनी पश्चिम रेल्वेवर अर्धशतक हाच गेम खेळला. बोरिवली परवडेना म्हणून दहिसर, दहिसर परवडेना म्हणून मीरा रोड, मग भाईंदर, मग खाडी ओलांडून नायगाव. आर्त्योमची गाडी, शेवट गोड झाला तर, बैकल सरोवराला लागते; आमची विरारला. पाण्याचं म्हणाल तर तिथे सरोवर भरलेलं आहे, आणि इथे नळाला कान लावून सूर्या धरणाची वाट पाहण्यात बरीच वर्षं गेली आहेत.

यातच माझं म्हणणं दडलेलं आहे. उघडं जग आणि तग धरणं ही जोडी जमते ती परतायला ठिकाण असेल तर. ‘एक्सोडस’मध्ये मोहिमेवरून गाडीत यायचं, कुणी गिटार वाजवतो, कुणी स्वतःचं रडगाणं ऐकवतो, बायको चौकशी करते. तिथे उभं राहून नुसतं ऐकत बसता येतं, आणि गंमत म्हणजे लोक ऐकतात. अरोरा काढून टाका आणि मैदानं चौपट करा. गेम मोठा होईल आणि ओस पडेल. या प्रकारातल्या बऱ्याच गेमांचं तेच झालेलं आहे. तग म्हणजे खिसे भरणं अशी त्यांची समजूत. पडक्या घरात शिरायचं, कपाटं उघडायची, डबे उचकटायचे, दोऱ्या, तारा, बाटल्या, पाव सगळं कोंबायचं. मूळच्या कीव्हच्याच ‘जीएससी’चा ‘स्टॉकर २’ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला (फोर-ए काढणारे मूळचे याच घरातले, म्हणजे भाऊबंदकी तिकडेही आहे). त्याचं जग विलक्षण देखणं आहे, पण त्यात मी म्हणतो तो रोगही दिसतो. पाठीवर ऐंशी किलोंच्या वर ओझं झालं की नायकाचं पाऊल उचलत नाही. चेर्नोबिलच्या किरणोत्सर्गात उभा राहून तो शांतपणे विचार करतो की कुठली बंदूक टाकावी आणि सॉसेज खाऊन तेवढंच हलकं व्हावं का. हा तग नव्हे, ही विमानतळावर बॅगेचं वजन भरताना होणारी फजिती आहे. साठवणुकीलाच शौर्य म्हणायचं तर पिशव्यांची पिशवी दारामागे टांगणाऱ्या प्रत्येक मराठी गृहिणीला परमवीरचक्र द्यावं लागेल.

तग खरोखर कसा धरतात हे पाहायला चौक बरा. हे गाव भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा अशी मिठागरांच्या कडेची गावं ओलांडून, डोंगरीवरून पुढे गेलं की लागतं. नावावरून चार रस्ते फुटत असतील असं वाटतं, पण पुढे टेकडी आणि समुद्र. बस इथवर आणते आणि हात वर करते. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडी उभ्या असतात आणि त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत असतात. जवळून पाहा: बोंबील दोरीला बांधलेला नसतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. एकाचं वजन दुसरा पेलतो. खिळा नाही, चिमटा नाही, सुतळी नाही, सगळं सामान माशाच्याच तोंडात. हे जे करतात त्या हातांना एका जोडीला क्षणही लागत नाही, आणि नंतर मात्र काही करायचं नसतं. ऊन आणि वारा यांची मर्जी सांभाळायची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्या दिवसांची बेगमी आधीच्या उन्हात होते, आणि पाऊस मे महिन्यातच उतरला की वाळत घातलेला माल भिजतो. गेममध्ये औषधाची पेटी दोन सेकंदांत तयार होते, पाठपिशवी पुढे ओढून. वाट पाहणं नावाची गोष्ट कुठल्याही गेमने अजून नीट बनवलेली नाही, आणि तग धरण्याचा निम्म्याहून जास्त वेळ त्यातच जातो.

मैदानाच्या रचनेतही चौकाकडून शिकता येईल. हे सगळं धारावी बेट, झोपडपट्टीवाल्या धारावीशी याचा संबंध नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला मनोरीची खाडी. म्हणजे जगाला कडा आहेत, आणि त्या खऱ्या आहेत; अदृश्य भिंतीला डोकं आपटत नाही. उंचवट्यावर जंजिरे धारावी, आता अवशेषमात्र, आणि चिमाजीअप्पांचा पुतळा. तिथून खाडीचं तोंड आणि पलीकडची वसई दिसते, आणि किल्ला तिथेच का, हे न सांगता कळतं. वसईला समुद्रातून येणारी रसद या तोंडातून जाणार. १७३७ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध चिमाजीअप्पांची मोहीम सुरू झाली, १७३९ च्या मार्चमध्ये धारावी मराठ्यांनी घेतली आणि मेमध्ये वसई. पोर्तुगीजांचा उत्तरेकडचा मुलूख गेला. मराठ्यांपुढे अख्खी साष्टी उघडी होती, ओपन वर्ल्डच म्हणा. म्हणून काही त्यांनी प्रत्येक पडक्या घरातली कपाटं उघडली नाहीत. चांगल्या मैदानात अशी एक जागा असते जिच्यामुळे बाकीच्या जागांना अर्थ येतो. ‘एक्सोडस’च्या कॅस्पियनमध्ये ती दीपगृहाची आहे, आणि नकाशातल्या बाकीच्या शंभर खुणा विसरल्या तरी ती आठवते.

उघड्या जगाचे पुरस्कर्ते इथे स्वातंत्र्याचा मुद्दा काढतात: कुठेही जा, हवं ते करा. नकाशा उघडून पाहिलात तर शंभर चिन्हं लुकलुकत असतात आणि खेळणारा एक झालं की दुसऱ्याकडे धावतो. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालेला बापही कुठेही जायला मोकळाच असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोळीवाड्याला तग धरण्याचा आदर्श म्हणणं हे शहरात बसून गावाची आरती ओवाळणं झालं. मासळी घटतेय, डिझेल महागलंय, त्याचं काय? कबूल. मी चौकाला सुखी म्हटलेलं नाही. जवळच उत्तनच्या डोंगरावर शहराचा कचरा टाकला जातो, त्याला आगी लागतात, धूर खालच्या गावांवर उतरतो. असा देखावा उभारायला कीव्हच्या चित्रकारांना वर्षं लागली. आम्ही तो रोज ट्रक भरभरून फुकट तयार करतो. मुद्दा एवढाच की त्या धुराखालीही कोण कधी समुद्रात जाणार, कुणाचा माल कोण उचलणार, आजारी माणसाच्या जाळ्याचं काय, हे आपसांत ठरलेलं असतं. पाठपिशवीत ते मावत नाही, म्हणून गेमवाल्यांना दिसत नाही.

आणि गोळीबाराचं काय, असं कुणी विचारेलच. शेवटी हा शूटर आहे. तर ‘एक्सोडस’मध्ये व्होल्गाकाठी एक पंथ आहे. वीज म्हणजे पाप, असं त्याचा धर्मगुरू सांगतो (बिल आल्याच्या दिवशी या पंथाला आपल्याकडेही अनुयायी मिळतील), आणि पाण्यातल्या एका अजस्र मांजरमाशाला ही माणसं देव मानतात. मासा अधूनमधून भक्तांना गिळतो, भक्त भजन चालू ठेवतात. गेममध्ये एवढी शस्त्रं असूनही त्याची भीतीच वाटते. तोच मासा वसईच्या खाडीत शिरला, तर चौकात पहिला प्रश्न त्याच्या देवत्वाचा निघणार नाही. किती निघेल, बर्फ पुरेल का आणि कोणत्या होडीने ओढायचा, यावर चर्चा होईल. डोक्याचा भाग कुणाला, यावर भांडणही होईल.

मालिकेचा पुढचा भाग कुठे घडवावा, असं मला कुणी विचारलेलं नाही. पण आर्त्योम मंडळी कधी पश्चिम रेल्वेने आलीच, तर त्यांना एक सूचना करून ठेवावी. मुंबईकर एकमेकांना सवयीने ‘चौकात भेटू’ म्हणतात आणि जग बुडत असतानाही तेच म्हणतील. तेव्हा कुठला चौक, हे नीट विचारून घ्या. एक चौक म्हणजे जमिनीखालचं स्टेशन, तिथे यायचं तर पंप घेऊन यावं लागेल. दुसरा भाईंदरच्या बसच्या शेवटच्या थांब्यावर आहे. तिथे होड्या आहेत.