झ्यूसचं स्थळ
नागपुरातल्या एखाद्या वधूवर मेळाव्यात ग्रीकांच्या झ्यूसचा बायोडेटा आला, तर काकू गोत्राच्या रकान्यावरच अडतील. वडील क्रोनस: पोटची पाच लेकरं गिळलेली. आई रिया: वडिलांची सख्खी बहीण. पहिली बायको मेटिस: गरोदरपणीच नवऱ्याच्या पोटात. सध्याची हेरा: स्वतःचीच सख्खी बहीण, शिवाय विवाहाची देवी!

‘काय बाप्पा हे संस्कार!’ म्हणत काकू आपल्या मुलासाठी भावाची मुलगी बघून ठेवतात. रूढी असली की १९५५च्या हिंदू विवाह कायद्यालाही ते चालतं. आणि ऋग्वेदात यमी सख्ख्या भावाला गळ घालते, त्याचं काय? काकू ठणकावतात, ‘यमानं नाही म्हटलं ना!’ म्हटलं खरं. आपली सारी नीती टिकून आहे ती यमाच्या धाकावर.